भिंत रंगवायला मिळतेय, पण प्रश्न कुणाचा रंगवायचा?

पायवाट

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, म्हणून धागा काढतेय.

आम्ही वस्तीतले काही रहिवासी मिळून छोटीमोठी कामं करतो. आता एका संस्थेने आमची लांबलचक कुंपणभिंत रंगवून द्यायची तयारी दाखवली आहे. रंग त्यांचा, चित्रकार त्यांचा, आम्ही 'सहभाग' द्यायचा. विषय सकारात्मक असावा, एवढीच अट. गटातली तरुण मुलं एकदम खूश आहेत. बैठकीत मात्र एक आजी म्हणाल्या, "त्या भिंतीकडेचा रस्ता सातनंतर काळोखात असतो. बायका वळसा घालून जातात. चित्र दिसायला तरी दिवा लावाल का?" सगळे हसले आणि विषय पुढे सरकला.

मी कलेच्या विरोधात नाही, उलट आवड आहे. पण चित्र, पथनाट्य, फोटो असल्या गोष्टींनी वस्तीतल्या खऱ्या प्रश्नाला हात लागतो का, की फक्त फोटो चांगले येतात? कुणी असं काही केलंय, पाहिलंय किंवा वाचलंय का? "कलेने समाज बदलतो" छापाचं नको. कुठे काय झालं आणि कसं झालं ते सांगा.

तिरकस

धाग्यातच उत्तर दिलंय की तुम्ही. रंग त्यांचा, चित्रकार त्यांचा, विषय त्यांचा. तुमचं काय, तर उद्घाटनाला टाळ्या.

निळीशाई

तिरकस, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. भित्तिचित्राच्या प्रकल्पात शेवटी दिसणाऱ्या चित्रापेक्षा आधीचे महिने महत्त्वाचे असतात. दोन उदाहरणं देते.

पहिलं लॉस एंजेलिसचं. ज्युडी बाका या चित्रकर्तीने 1976 पासून तुजुंगा वॉश नावाच्या पूरवाहिनीच्या सिमेंटच्या भिंतीवर शहराचा इतिहास रंगवायला घेतला. त्या कालव्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. लांबी 2,754 फूट, म्हणजे जवळपास 840 मीटर. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांमध्ये चारशेहून जास्त मुलामुलींनी आणि त्यांच्या घरच्यांनी मिळून हे काम केलं. त्यातली कित्येक मुलं पोलिसांच्या वहीत नाव गेलेली होती, आणि एकमेकांच्या गल्लीत पाऊल न टाकणाऱ्या गटांतलीही होती. आधी इतिहासाच्या अभ्यासकांशी बोलणं, वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांकडून आठवणी गोळा करणं, मग आराखडा, आणि शेवटी ब्रश. त्यामुळे भिंतीवर आलं काय? दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेले जपानी वंशाचे अमेरिकन, 1930 च्या दशकात देशाबाहेर घालवलेले मेक्सिकन वंशाचे लोक, महामार्गासाठी चिरफाड झालेल्या वस्त्या. "सकारात्मक विषय" या अटीत यातलं एकही बसलं नसतं.

दुसरं फिलाडेल्फियाचं. 1984 मध्ये महापौर विल्सन गूड यांनी भिंती खरडणाऱ्या पोरांना आवरायला एक मोहीम काढली. जेन गोल्डन यांनी त्याच पोरांना हाताशी धरून भित्तिचित्रं सुरू केली. आज त्या शहरात चार हजारांहून जास्त भित्तिचित्रं झाली आहेत. मला त्यांची पद्धत फार आवडते. चित्र थेट भिंतीवर काढत नाहीत. पॅराशूट क्लॉथ म्हणतात त्या पातळ, न विणलेल्या कापडाचे साधारण पाच-पाच फुटांचे चौकोन कापतात. त्यावर आकडे घालून रेषा छापतात: 4 म्हणजे गडद निळा, 7 म्हणजे मातकट. हे चौकोन शाळेत जातात, वृद्धाश्रमात जातात, समाजमंदिरात जातात. ज्याला परातीवर चढता येत नाही, जो ब्रश पहिल्यांदा धरतोय, तोही आपला चौकोन भरतो. मग सगळे चौकोन ॲक्रिलिक जेलने भिंतीला चिकटवतात आणि सांधे रंगवून एकजीव करतात. ग्रेटरफोर्डच्या तुरुंगातल्या कैद्यांनीही असे चौकोन रंगवले, आणि त्याच प्रकल्पात गुन्ह्यांची झळ बसलेल्या कुटुंबांनीही. भिंत ओलांडून माणसाला येता येत नव्हतं, कापडाला येत होतं.

तेव्हा पायवाट, संस्थेला पहिला प्रश्न हा विचारा: ब्रश उचलण्याआधी किती महिने लोकांशी बोलणार?

साधावाचक

परात म्हणजे परांची ना? स्वयंपाकघरातली परात डोळ्यांसमोर आली. :)

निळीशाई

हो हो, परांची. टंकताना गडबड. धन्यवाद.

तिरकस

माहिती चांगली आहे, मान्य. पण निवडक उदाहरणं काढली की काहीही गोमटं दिसतं. मीही दोन देतो.

मेक्सिकोत पाचुका शहराच्या टेकडीवरची लास पाल्मितास ही वस्ती. 2015 मध्ये 209 घरांच्या दर्शनी भिंती मिळून एक भलंमोठं इंद्रधनुषी चित्र रंगवलं. जगभर फोटो फिरले. "हिंसा कमी झाली" असे मथळे आले. पण घराच्या आतलं छत, पाणी, मुलांच्या नोकऱ्या? फोटो दुरून काढला की टेकडी सुंदर दिसते, हीच तर त्या फोटोची मेख.

दुसरं, अल्बानियाची राजधानी तिराना. एडी रामा हा मूळचा चित्रकार, 2000 मध्ये महापौर झाला आणि त्याने करड्या इमारती भडक रंगांत रंगवायला काढल्या. आधी कुणाला विचारलं नव्हतं. नंतर कौल घेतला. तो स्वतःच सांगतो की 63 टक्के लोकांना रंग आवडले आणि 37 टक्क्यांना नाही. गंमत म्हणजे न आवडणाऱ्यांपैकी निम्म्यांनी "तरी काम चालू ठेवा" असं सांगितलं. म्हणजे चांगलं झालं असेलही. पण हा लोकसहभाग नव्हे, महापौराची आवड आहे. फरक आहे की नाही?

पायवाट

फरक आहेच. पण ते निम्मे लोक भारी आहेत. "मला आवडत नाही, पण काहीतरी होतंय ते थांबवू नका." आमच्या बैठकीतही असे लोक आहेत.

कोरस

भिंतीवरून थोडं नाटकाकडे वळवतो, माझा प्रांत तो आहे.

ऑगुस्तो बोआल हे ब्राझीलचे नाटककार. तरुणपणी ते आणि त्यांची मंडळी शेतमजुरांपुढे जोशपूर्ण नाटकं करायची. जमिनीसाठी लढा, रक्त सांडा, वगैरे. एका प्रयोगानंतर व्हिर्जिलियो नावाचा शेतकरी पुढे आला. म्हणाला, छान, तुमचं आमचं एकच मत आहे, चला, तुमच्या बंदुका घेऊन या, जमीनदाराची माणसं आत्ताच हुसकावून लावू. मंडळींची ततपप. बंदुका लाकडी होत्या. मग त्या शेतकऱ्याच्या लक्षात आलं की नाटकात सांडायचं म्हणतात ते रक्त आपलं आहे, यांचं नाही. बोआल ही गोष्ट आयुष्यभर सांगत राहिले. ज्या जोखमीत आपण स्वतः उतरणार नाही तिचा उपदेश रंगमंचावरून द्यायचा नाही, हा धडा त्यांनी तिथे घेतला.

पुढे 1971 मध्ये त्यांना अटक झाली, छळ झाला, देश सोडावा लागला. 1973 मध्ये पेरूमध्ये साक्षरता मोहिमेत काम करताना फोरम थिएटर जन्माला आलं, तेही एका प्रेक्षक बाईमुळे. नाटकातल्या बायकोला लिहितावाचता येत नाही. नवरा काही कागद "घराच्या पावत्या आहेत, नीट ठेव" म्हणून देतो आणि ती निघतात दुसऱ्या बाईची प्रेमपत्रं. बायकोने काय करावं, असं प्रेक्षकांना विचारलं. तोवरची रीत अशी की प्रेक्षकांनी सुचवायचं आणि नटांनी करून दाखवायचं. एक धिप्पाड बाई म्हणाली, त्याच्याशी स्पष्ट बोलावं. नटीने स्पष्ट बोलून दाखवलं. बाई म्हणे, नाही, असं नाही, *स्पष्ट*. पुन्हा केलं. पुन्हा नाही. शेवटी बोआल वैतागून म्हणाले, मग तुम्हीच या. बाई मंचावर आली, झाडू उचलला आणि नवरा झालेल्या नटाला धुऊन काढलं. मग त्याला जेवण वाढायला सांगितलं. स्पष्ट म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं.

तेव्हापासून पद्धत अशी. वस्तीतलाच प्रश्न घ्यायचा, दहा-पंधरा मिनिटांचा प्रवेश बसवायचा, तो वाईट जागी संपवायचा. मग तोच प्रवेश पुन्हा सुरू. आता प्रेक्षकांतलं कुणीही "थांबा" म्हणू शकतं, पीडित पात्राच्या जागी येऊन वेगळं काही करून बघू शकतं. समोरचे नट मात्र ढिले पडत नाहीत. अधिकारी अधिकाऱ्यासारखाच उडवाउडवी करतो. मधे एक जण सूत्रं सांभाळतो, त्याला जोकर म्हणतात. जोकरने उत्तर द्यायचं नसतं. "हे जमेल का? घरी गेल्यावर असं बोलाल का?" एवढंच विचारत राहायचं.

आपल्याकडे पश्चिम बंगालमध्ये जन संस्कृती ही संस्था 1985 पासून हे करते आहे, सुंदरबनच्या गावांतून सुरुवात झाली. नट म्हणजे शेतमजूर, शेतकरी, गृहिणी. दारू, बायकांना होणारी मारहाण, हुंडा, रेशन असे विषय. एक प्रयोग करून गाडी पुढे जात नाही. त्याच गावात तेच नाटक पुन्हा जातं, कारण पहिल्या वेळी लोक बघतात, नंतरच्या वेळी बोलतात.

तुमच्या आजींचं वाक्य म्हणजे तयार प्रवेश आहे, बरं का. अंधारा रस्ता, कामावरून परतणारी बाई, तक्रार लिहून घेणारा कारकून, "वळसा घालून ये" म्हणणारा नवरा.

साधावाचक

+१. याच रांगेत अहमदाबादच्या छारानगरचं बुधन थिएटर. छारा हा ब्रिटिशांनी 1871 च्या कायद्याने 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींपैकी एक समाज. कायदा गेला, शिक्का राहिला. 1998 मध्ये पश्चिम बंगालात बुधन सबर या माणसाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. त्यावर छारानगरच्या मुलांनी नाटक बसवलं आणि त्याच वर्षी 31 ऑगस्टला, म्हणजे पूर्वी तो कायदा ज्या तारखेला रद्द झाला त्याच तारखेला, पहिला प्रयोग केला. तिथे बाहेरून कुणी 'समस्या' घेऊन आलं नाही. समस्या नटांच्या घरात होती.

आणि आपले जलसे विसरू नका. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा तसाच ठेवला आणि आत सावकारी, अंधश्रद्धा, मुलींचं शिक्षण घातलं. पुढे आंबेडकरी जलशांनी तेच केलं. लोकांना ओळखीच्या रूपातच नवा विषय पचला.

तिरकस

कोरस, व्हिर्जिलियोचा किस्सा आवडला. माझ्याच बाजूचा आहे तो. :)

जोखमीचं निघालंच आहे तर ही दुसरी बाजूही लिहितो. 1 जानेवारी 1989 ला दिल्लीजवळ साहिबाबादच्या झंडापूरमध्ये जन नाट्य मंचाचं पथनाट्य चालू असताना हल्ला झाला. मंचाचे सफदर हाश्मी दुसऱ्या दिवशी गेले. राम बहादूर या कामगारालाही मारलं. 4 जानेवारीला मंडळी त्याच जागी परत गेली आणि अर्धवट राहिलेला प्रयोग पूर्ण केला. सफदर यांच्या पत्नी मलयश्री हाश्मी त्यात होत्या. ज्यांनी ही किंमत मोजली त्यांच्यापुढे मान झुकते. म्हणूनच पुरस्कृत फुलपाखरांच्या भिंतीला 'सामाजिक कला' म्हटलं की माझं डोकं फिरतं.

मध्यमा

मी वस्तीपातळीवर काम करणारी कार्यकर्ती आहे. फुलपाखरांवर एवढा राग नको, कधीकधी लोकांना खरंच फुलपाखरंच हवी असतात. दिवसभर प्रश्नांत राहणाऱ्या माणसाला घराबाहेरच्या भिंतीवरही आपला प्रश्नच का दिसावा? बाहेरून येणारे कलावंत बऱ्याचदा वस्तीकडे फक्त दुःख म्हणून बघतात, तेही एक प्रकारे अपमानकारकच आहे.

ह्यूस्टनच्या रिक लो यांचं उदाहरण यासाठी महत्त्वाचं आहे. ते थर्ड वॉर्ड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या प्रश्नांवर मोठी चित्रं काढायचे. 1990 च्या सुमारास शाळेतला एक मुलगा त्यांना म्हणाला, तुम्ही दाखवताय ते प्रश्न आम्हाला माहीतच आहेत. कलाकार आहात, कल्पक आहात, तर मग उत्तर का नाही तयार करत? लो यांनी 1993 मध्ये साथीदारांना घेऊन पडायला आलेली 22 छोटी, एका रांगेतली घरं मिळवली. काही घरांत कलाकारांची कामं मांडली, काही घरं शिकणाऱ्या एकट्या तरुण आयांना आणि त्यांच्या मुलांना राहायला दिली. घरं दुरुस्त करणं, ओसरीवर गप्पांना जागा करणं, हीच कलाकृती. प्रोजेक्ट रो हाउसेस हे त्याचं नाव, आजही चालू आहे.

आणि पायवाट, सहभाग मोजायला एक जुनं साधन आहे. शेरी आर्नस्टीन यांनी 1969 मध्ये आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाला लोकांना गुंडाळणं, मधे माहिती देणं, मत विचारणं, चुचकारणं, आणि वर भागीदारी, अधिकार सोपवणं, लोकांच्या हाती सूत्रं. मत विचारणं ही त्यात चौथी पायरी आहे, म्हणजे निम्म्यावरच. संस्थेच्या प्रस्तावात "रहिवाशांची मते जाणून घेतली जातील" असं वाक्य असेल तर तुम्ही नेमक्या तिथे उभ्या आहात.

पायवाट

मध्यमा, अगदी हेच वाक्य आहे हो प्रस्तावात!

खडूफळा

मी शिक्षक. नाटकात पुढे यायला लाजणारी माणसं खूप असतात, त्यांच्यासाठी फोटो हे सोपं माध्यम आहे. फोटोव्हॉइस नावाची पद्धत कॅरोलिन वँग आणि मेरी ॲन बरिस यांनी 1990 च्या दशकात चीनच्या युन्नान प्रांतात घडवली. 62 ग्रामीण बायकांच्या हातात कॅमेरे दिले आणि रोजचं जगणं टिपायला सांगितलं. बायकांनी शेतात काम करताना बांधावर ठेवलेली लहान मुलं टिपली. ते फोटो अधिकाऱ्यांपुढे मांडले, आणि पाळणाघरं, सुईणींचं प्रशिक्षण, मुलींसाठी शिष्यवृत्ती या गोष्टींपर्यंत चर्चा गेली. बाहेरचा छायाचित्रकार असता तर त्याने बहुधा डोंगर टिपले असते.

मुलांबरोबर मी हे केलं तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. "वस्तीतल्या समस्या टिपा" असं सांगितलं की सगळे कचऱ्याचा ढीग टिपून आणतात, कारण शिक्षकांना तेच हवंय हे त्यांना माहीत असतं. मग मी "जिथे तुम्हाला जायला आवडत नाही ती जागा आणि जिथे लपायला आवडतं ती जागा" असे दोनच फोटो मागितले. एका मुलीने आणलेल्या फोटोत नुसता जिना होता, बाकी काहीच नाही. वर्गाला कळेना. ती म्हणाली, "इथे वरच्या मजल्यावरचे काका उभे असतात." पुढचं काम मग कलेचं राहिलं नाही, पालक आणि मुख्याध्यापक यांच्यासोबत बसून वेगळ्या मार्गाने केलं. पण तो जिना कुठल्याही प्रश्नावलीत आला नसता.

म्हणून सांगतो, असं काही समोर आलं तर पुढे कुणाकडे जायचं, हे *आधी* ठरवून ठेवा. आणि कुणाचाही चेहरा किंवा घर दिसणारा फोटो विचारल्याशिवाय भिंतीवर नको.

कोरस

खडूफळा, जिन्याचं वाचून अंगावर काटा आला. फोरम थिएटरमध्येही हीच भीती असते. प्रवेशात बसवलेला दारुडा बाप समोर बसलेल्या कुणाचा तरी खराच बाप असतो. म्हणून कथा एकाच घराची ठेवायची नाही, चार घरांची मिसळून घ्यायची.

आकडेमोड

सगळं वाचलं. एक रुक्ष प्रश्न: फरक पडला हे कळतं कसं?

ब्रिटनमध्ये 1997 मध्ये फ्रान्स्वा मातारासो यांचा अहवाल आला. सहभागी कलाप्रकल्पांचे 50 सामाजिक परिणाम त्यात मांडले होते: आत्मविश्वास वाढतो, ओळखी वाढतात, वगैरे. सरकारी धोरणकर्त्यांनी तो डोक्यावर घेतला. 2002 मध्ये पाओला मेर्ली यांनी त्याची चिरफाड केली. प्रश्नच असे की उत्तर चांगलंच यावं, आणि आधीची स्थिती मोजलेलीच नाही तर नंतर सुधारली कशावरून? कार्यशाळेच्या शेवटी, चहा पिता पिता "मजा आली का" विचारलं तर कोण नाही म्हणणार.

फिलाडेल्फियात मात्र मानसिक आरोग्याशी जोडलेल्या भित्तिचित्रांवर येल विद्यापीठाच्या लोकांनी काही वर्षं अभ्यास केला, आणि तुलनेसाठी चित्रं नसलेले भागही घेतले. चित्रांच्या आसपास राहणाऱ्यांमध्ये शेजाऱ्यांवरचा विश्वास वाढलेला दिसला, मानसिक आजार असलेल्यांबद्दलची अढी कमी झालेली दिसली. आता यात गुन्हे संपले, गरिबी गेली असलं काही नाही. माफक परिणाम आहे, म्हणूनच मला विश्वासार्ह वाटतो.

तुमच्या बाबतीत मोजायचं तर सोपं आहे. सातनंतर त्या रस्त्याने किती बायका जातात ते आत्ताच काही संध्याकाळी मोजून ठेवा. नंतर पुन्हा मोजा. अहवालात "जनजागृती झाली" हे लिहूच नका.

तिरकस

आकडेमोड, तुम्हाला माझ्याकडून साष्टांग नमस्कार.

आणखी एक राहिलं होतं. भिंत छान झाली, वस्ती 'कलात्मक' म्हणून नावाजली, की भाडी चढतात. बर्लिनच्या क्रॉइत्सबेर्गमध्ये ब्लू या इटालियन चित्रकाराची दोन प्रचंड भित्तिचित्रं होती. शहराची ओळखच झाली होती म्हणा. शेजारच्या मोकळ्या जागेवर महागडी घरं उठायची लक्षणं दिसली, तेव्हा डिसेंबर 2014 मध्ये चित्रकाराच्याच संमतीने ती दोन्ही एका रात्रीत काळ्या रंगाने पुसून टाकली. आपलं चित्र बिल्डरच्या जाहिरातीत खिडकीबाहेरचा देखावा म्हणून वापरलं जाऊ नये म्हणून.

निळीशाई

हा मुद्दा खराच आहे. त्यावर लिव्हरपूलच्या ग्रॅनबी फोर स्ट्रीट्सचं उदाहरण बघा. टॉक्सटेथ भागात 1981 मध्ये दंगली झाल्या. मग पुढची कितीतरी वर्षं प्रशासनाने तिथली घरं रिकामी करणं, खिडक्यांना पत्रे ठोकणं, पाडणं चालवलं. उरलेल्या मोजक्या रहिवाशांनी, त्यात बायका जास्त, रस्त्यातच कुंड्या मांडल्या, ठोकलेल्या खिडक्यांवर चित्रं काढली, महिन्याचा बाजार भरवला. कुणी 'प्रकल्प' म्हटलं नाही, कुणी निधी दिला नाही. 2011 मध्ये त्यांनी सामुदायिक भूमी न्यास काढला. म्हणजे घरांची मालकी न्यासाकडे, त्यामुळे किमती चढल्या तरी रहिवाशांना हुसकून लावता येत नाही. असेम्बल हा तरुण वास्तुरचनाकारांचा गट *त्यानंतर* आला. त्यांनी दहा घरं दुरुस्त केली. पाडलेल्या घरांच्या राबिटातून शेकोटीच्या चौकटी ओतल्या, टाइल्स बनवल्या, त्यासाठी तिथेच कार्यशाळा काढली. 2015 मध्ये असेम्बलला टर्नर हे ब्रिटनमधलं मानाचं कलापारितोषिक मिळालं तेव्हा कलाजगतात वाद झाला की ही कला आहे का. रहिवाशांना त्या वादाशी काही देणंघेणं नव्हतं, घरांना छप्पर आलं होतं.

आधी कुंड्या, मग जमिनीचे कागद, मग कलाकार. क्रम बघा.

साधावाचक

जमिनीचे कागद प्रत्येकाच्या आवाक्यात नसतात पण. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी काय करायचं?

निळीशाई

बरोबर आहे. त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. निदान भित्तिचित्राचं श्रेय आणि फोटो वापरण्याचा हक्क रहिवाशांच्या गटाकडे लेखी असावा, म्हणजे उद्या कुणी जाहिरातीत वापरलं तर बोलता येईल.

मध्यमा

ऐकण्याबद्दल एक राहिलंच. सुझान लेसी यांनी 1994 मध्ये ओकलंडमध्ये गच्चीवरच्या वाहनतळावर शंभर मोटारी उभ्या केल्या. त्यात 220 शाळकरी मुलं बसली आणि आपापसात बोलू लागली: घर, हिंसा, पोलीस, प्रेम, टीव्हीवर आपल्याला कसं दाखवतात ते. काचा खाली. प्रेक्षकांनी मोटारींमधून फिरायचं, वाकून ऐकायचं. नियम एकच, मोठ्यांनी बोलायचं नाही. सल्ला नाही, प्रश्न नाही. पुढे त्याच शहरात मुलं आणि पोलीस यांना समोरासमोर बसवण्यापर्यंत काम गेलं.

वस्तीतल्या बैठकीत कोण बोलतं ते आठवून बघा. चार पुरुष आणि एक निवृत्त गृहस्थ. आजींचं वाक्य हसण्यावारी गेलं ते उगीच नाही.

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा इतका भरेल असं वाटलं नव्हतं.

मधल्या काळात घडलं ते सांगते. संस्थेशी बोललो. त्यांना आर्थिक वर्ष संपायच्या आत भिंत हवी होती, म्हणजे चर्चेला महिने द्यायला ते तयार नव्हते. बरीच ताणाताणी झाली. शेवटी असं ठरलं की अर्धी भिंत त्यांच्या वेळापत्रकाने होईल, फुलं-पक्षी-झाडं, मुलांनी रंगवलेली. (तिरकस, फुलपाखरंही असणार, नाइलाज आहे. मध्यमांचा मुद्दा पटला, मुलांना तीच हवी आहेत.) उरलेली अर्धी, म्हणजे अंधाऱ्या रस्त्याकडची, मोकळी ठेवायची आणि तिच्यावर काय यायचं ते आम्ही ठरवायचं. त्या भागाचे फक्त रंग ते देणार. त्यांचं बोधचिन्ह पहिल्या अर्ध्या भागावरच.

दिव्याचा अर्ज चित्राची वाट न बघता देऊन टाकला. पोच घेतली. संध्याकाळची मोजणी दोन मुली करताहेत. एकटीदुकटी बाई त्या रस्त्याने जवळपास दिसतच नाही, ज्या जातात त्या घोळक्याने. आकडेमोड, घोळका एक धरायचा की माणसं मोजायची?

नाटकाला गटातल्या काही बायका तयार आहेत, पण "आम्हाला संवाद पाठ होणार नाहीत" म्हणताहेत. आणि एकीच्या सासऱ्यांनी घरी विचारलं की हे नाटक कुणाविरुद्ध आहे. कोरस, काय सांगू?

आकडेमोड

दोन्ही लिहा, वेगवेगळ्या रकान्यांत. नंतर एकटीने जाणाऱ्यांचा रकाना भरला तर तोच तुमचा निकाल. पाऊस, सुट्टी, सण असेल तर शेरा टाका.

तिरकस

अर्धी भिंत मोकळी सोडायला लावलीत? मानलं. त्यावर पहिलं काही येण्याआधी कुणीतरी क्लासची जाहिरात चिकटवेल, तेवढी नजर ठेवा.

कोरस

पाठांतर नकोच. प्रसंग माहीत असला की पुरे, बोलणं रोजचंच. फक्त प्रवेश कुठे थांबणार ते पक्कं ठरवा. कारकुनाने अर्ज बाजूला सारला, बाई वळसा घालून निघाली, थांबा. त्यापुढे एक वाक्यही नको, नाहीतर प्रेक्षकांना करायला काही उरत नाही.

सासऱ्यांना सांगू नका, बोलवा. "कारकुनाचं काम कराल का" असं विचारून बघा. घरातल्या जाणत्या पुरुषाला अर्ज फेटाळणाऱ्याची भूमिका दिली की दोन गोष्टी होतात: तो ती झकास करतो, आणि सुनेला समोर उभं राहून बोलताना ऐकतो. नाहीच म्हणाले तर मात्र त्या सुनेला पुढे ढकलू नका, ती तालमीला येऊन बसली तरी चालेल. प्रेक्षकांतून येणाऱ्या सूचना कुणीतरी वहीत उतरवा. बोआल पुढे रिओच्या नगरपरिषदेत निवडून गेले आणि 1993 ते 1996 मध्ये अशा प्रयोगांतून आलेल्या सूचनांवरून 13 कायदे झाले. ते झाले कारण कुणीतरी लिहून घेत होतं. तुमची वही दिव्याच्या अर्जाला जोडता येईल.

जोकर मात्र गटातला नको. त्याची सगळ्यांशी नाती असतात, कुणाला थांबवायचं हे त्याला जड जातं. पहिल्या प्रयोगाला मी यायला तयार आहे. तालमी तुमच्या तुम्ही करा, मला फक्त प्रवेश कुठे संपतो ते आधी कळवा.

पायवाट

कोरस, व्यनि (खासगी निरोप) केलाय. सासरे "बघू" म्हणालेत.